पुढच्या रांगेची सोय महाग का? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाटकाच्या ऑनलाइन तिकिटावर लागणाऱ्या बुकिंग शुल्काबद्दल हे पत्र आहे, पण सुरुवात नाटकापासूनच करते. एका नव्या नाटकाच्या सातव्या प्रयोगाला गेले होते. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर पुढचं सगळं कुणाला जाहिरात वाटेल आणि कुणाला बदनामी. मध्यंतरात नेहमीची झटापट सुरू झाली. एकाला पहिला अंक वीस मिनिटांनी जास्त वाटला. दुसऱ्याचं म्हणणं, फिरत्या नेपथ्यावर केला तेवढा खर्च संहितेवर केला असता तर बरं झालं असतं. एक बाई ठासून सांगत होत्या की धाकट्या बहिणीचं काम करणारी मुलगी लिहून ठेवा, पाच वर्षांत कुठल्या कुठे जाईल. मला पहिला अंक आवडला होता. दुसऱ्या अंकाचं ता. क. मध्ये लिहिते.

सातव्या प्रयोगाला नाटक ओलंच असतं. हशा कुठे येतो हे नटांना अजून पुरतं ठाऊक नसतं, म्हणून ते कधी थांबतात, कधी हशावरून बोलून जातात. अशा प्रयोगाला येणारा प्रेक्षक थोडा जुगारीच असतो, आणि नाटक पन्नासाव्या प्रयोगापर्यंत पोचतं ते या जुगाऱ्यांच्या जिवावर. ते घरी जाऊन चार जणांना सांगतात, ते चार जण पुढच्या रविवारचं तिकीट काढतात. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने नाटकाचं नाव कळतं. बघायचं की नाही, ते अजूनही कुणीतरी सांगितल्यावरच ठरतं.

तर हा वाद रंगात आलेला असताना एका गृहस्थांनी मोबाइल पुढे केला. चार तिकिटं, आणि प्रत्येक तिकिटावर स्वतंत्र बुकिंग शुल्क. मग ज्याने त्याने आपापला मोबाइल काढला. फिरतं नेपथ्य बाजूला राहिलं आणि घंटा होईपर्यंत सगळे हिशेब करत उभे होतो. नाटकाबद्दल सात माणसांची आठ मतं होती, याबाबत मात्र एकच.

आपल्याला हा अनुभव बहुधा नसेल, कारण मंत्र्यांच्या खुर्च्या राखीव असतात. म्हणून क्रमाने सांगते. संकेतस्थळावर नाटक निवडलं की प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, उघडतो. खुर्चीवर बोट ठेवलं की तिकिटाचा दर दिसतो. घरच्यांना विचारून, कडेची हवी की मधली हे ठरवून खुर्च्या पक्क्या केल्या की कोपऱ्यात घड्याळ उलटं मोजू लागतं. नाव, फोन नंबर, ईमेल. आणि अगदी शेवटी, पैसे भरायच्या पानावर, एक नवी ओळ उगवते. कुठे तिला सुविधा शुल्क म्हणतात, कुठे बुकिंग फी. त्यावर १८ टक्के जीएसटी. तोवर घड्याळात दोन मिनिटं उरलेली असतात, घरात सगळ्यांना सांगून झालेलं असतं, आणि पुन्हा मागे जायचं तर खुर्च्या हातच्या जायची भीती. माणूस पैसे भरतो.

हे शुल्क बऱ्याचदा दर तिकिटामागे असतं. व्यवहार एक, पैसे एकदा भरले, फोनवर संदेश एक आला. मग सहा तिकिटांवर सहा वेळा सोय कशी झाली? त्यातही काही ठिकाणी ते तिकिटाच्या दराच्या टक्केवारीने लागतं. म्हणजे पुढच्या रांगेतल्या माणसाची सोय महाग आणि बाल्कनीतल्याची स्वस्त. संगणकाला दोन्ही खुर्च्यांसाठी कष्ट तितकेच पडतात. याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

ऑनलाइन बुकिंगवर माझा राग नाही. प्लॅन उघडण्याच्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू होण्याच्या, दिवशी सकाळी खिडकीवर रांग लावणारी मी बाई आहे. कोणाला कडेची खुर्ची लागते आणि कोणाला पंख्याखालची चालत नाही, हे बुकिंगवरच्या क्लार्कना पाठ असायचं, त्याची आठवण गोड आहे. पण त्या रांगेत नोकरी करणाऱ्या बायका फारशा नसायच्या, गुडघे दुखणारे म्हातारे नसायचे आणि दुसऱ्या गावाहून येणारे तर नसायचेच. संकेतस्थळाने त्यांना खुर्ची मिळवून दिली. ते चालवायला खर्च येतो, तो कुणीतरी द्यायला हवा, हेही कळतं. प्रश्न आहे तो शेवटच्या पानावर उगवण्याचा.

किंमत आधी दाखवली काय नि नंतर दाखवली काय, बेरीज तीच, असं कुणी आपल्याला सांगेल. बेरीज तीच असते, पण माणूस तसाच वागत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या तिकीट संकेतस्थळावर २०१५ साली हेच तपासलं गेलं. काही ग्राहकांना शुल्कासकट किंमत सुरुवातीलाच दाखवली, काहींना शेवटी. ज्यांना शेवटी दाखवली त्यांनी सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. लपवण्यात फायदा आहे म्हणून लपवलं जातं, इतकं ते सरळ आहे. पुढे अमेरिकेत १२ मे २०२५ पासून कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी नियमच आला की सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत आधीच दाखवायची. ब्रिटनमध्येही त्याच वर्षी ६ एप्रिलपासून असे थेंबाथेंबाने वाढत जाणारे दर दाखवणं बेकायदा ठरलं.

परदेशातलं राहू दे. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे संकेतस्थळावर ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या तेरा प्रकारांत ‘ड्रिप प्रायसिंग’, म्हणजे हेच थेंबाथेंबाने किंमत वाढवणं, नावानिशी आहे. ग्राहकाला न विचारता देणगीची रक्कम टोपलीत टाकणंही त्या यादीत आहे. कागद तयार आहे, महोदय. तो नाट्यगृहाच्या दारापर्यंत आलेला नाही.

दुसरीकडे एक दार बंद झालं, तेही आपल्याला माहीत असेल. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवर सुविधा शुल्क घेऊ नये असे आदेश काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते रद्द केले, कारण कायद्याचा आधार नसताना सरकार अशी बंदी घालू शकत नाही. तेव्हा शुल्कावर बंदी घाला असं मी मागत नाही. न्यायालयात टिकणार नाही ते मागून दोघांचाही वेळ जायचा. पण ऑनलाइन घ्यायचं की प्रत्यक्ष जाऊन घ्यायचं ही ग्राहकाची निवड आहे, हाही मुद्दा त्या निकालात आहे, आणि नाटकाच्या बाबतीत ही निवड खरोखर उरली आहे का, ते आपण एकदा खिडकीवर उभं राहून पाहावं. सकाळचे काही तास, संध्याकाळचे काही तास. मधल्या वेळात कुलूप. आणि खिडकीपाशी पोचल्यावर ऐकू येतं ते, “मधल्या रांगा ऑनलाइनला दिल्यात, माझ्याकडे कोपरे आहेत.” चांगल्या खुर्च्या शुल्कवाल्या दाराने आणि कोपरे बिनशुल्काच्या दाराने, याला निवड म्हणायचं असेल तर म्हणू या.

नाटकवाल्यांच्या बाजूने पाहिलं तर मला हे जास्त लागतं. नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, नटांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, बॅकस्टेजच्या मुलांचे पैसे, नेपथ्य घेऊन येणारा टेम्पो, हे सगळं तिकिटातून निघायचं असतं. प्रयोग पडला की निर्माता खिशातून भरतो. प्रेक्षकाला मात्र तिकिटाच्या वर गेलेला प्रत्येक पैसा नाटकावरच खर्च झाल्यासारखा वाटतो. “नाटकं फार महाग झाली हो,” असं जो म्हणतो, तो मनात तिकीट आणि शुल्क यांची बेरीज करून म्हणतो. शिवी निर्मात्याला बसते. शुल्कातला किती वाटा कुणाकडे गेला, हे प्रेक्षकाला दाखवलेल्या पावतीवर कुठेच नसतं.

पैसे मोजायला मराठी प्रेक्षक कचरत नाही. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे त्या काळचे दोन गाजलेले गायक-नट ‘संयुक्त मानापमान’साठी मुंबईत एकत्र उभे राहिले, तेव्हा लोकांनी नेहमीच्या कितीतरी पट मोजून खुर्च्या घेतल्या. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. शंभर वर्षांनी आम्ही चार आकडी बेरीज भरतो आणि त्यातला ‘सोय’ नावाचा भाग कुठल्या फंडाला गेला ते कळत नाही.

कराची गंमत तर वेगळीच. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. कलेला सवलत द्यावी म्हणून सरकारने केलेली ती सोय. पण त्याच तिकिटावरच्या बुकिंग शुल्काला १८ टक्के लागतात. नाटक करमुक्त, नाटकापर्यंत पोचणं करपात्र! हा विषय जीएसटी परिषदेचा, आपल्या खात्याचा नाही, हे मान्य. पण परिषदेत महाराष्ट्राचीही खुर्ची आहे, तीही पुढच्या रांगेत.

सगळ्यात जास्त मार नव्या नाटकाला बसतो. नावाजलेल्या नटाचं नाटक शुल्क असो नसो, हाऊसफुल्ल जातं. ज्याचं कुणी काही ऐकलेलं नाही अशा नाटकाला येणारं कुटुंब “बघू तरी” म्हणून येतं, आणि “बघू तरी” हे दोन शब्द मागे घ्यायला शेवटच्या पानावरचा तो आकडा पुरेसा होतो. अशी माणसं मग सरळ घरी बसतात. आपलं सांस्कृतिक कार्य संचालनालय नव्या नाट्यनिर्मितीला अनुदान देतं. निर्मात्यापर्यंत सरकारचा पैसा पोचतो आणि प्रेक्षक मात्र उंबऱ्यावरून परत जातो, हे त्या योजनेच्याही हिताचं नाही.

मागच्या पावसाळ्यात एक प्रयोग नटाच्या आजारपणामुळे रद्द झाला. आजारपण कुणाला चुकलंय, तक्रार त्याबद्दल नाही. तिकिटाचे पैसे आठवड्याभराने परत आले, शुल्क आलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं की बुकिंगची सेवा आम्ही दिलेली आहे. कसली सेवा? मी ज्या खुर्चीवर बसलेच नाही, ती मला निवडू दिल्याची.

आता आपण काय करू शकता. रवींद्र नाट्य मंदिर तर राज्य सरकारचंच आहे. पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी रंगायतन, विलेपार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास ही नाट्यगृहं महापालिकांची. तिथे तारीख देताना निर्मात्याकडून अटींवर सही घेतलीच जाते. नेपथ्याला खिळे ठोकू नका इथपासून सगळं त्यात असतं. त्याच कागदात तिकिटांविषयी दोन-तीन ओळी घाला. या नाट्यगृहातल्या प्रयोगाचं तिकीट जो कुणी ऑनलाइन विकेल, त्याने प्लॅनवरच शुल्कासकट किंमत दाखवावी. शुल्क लावायचं तर व्यवहारामागे एकदा लावावं. प्रयोग रद्द झाला तर ग्राहकाने भरलेली सगळी रक्कम परत जावी. आणि प्रत्येक दराच्या खुर्च्यांतला ठरावीक हिस्सा, मधल्या रांगांसकट, खिडकीवर राहावा. नाट्यगृह ज्याचं, त्याला आपल्या अटी घालता येतात. इथे कुणाच्या धंद्यावर बंदी येत नाही, ज्याला अट मान्य नाही त्याने दुसरीकडे विकावं.

अट सरकारी असेल तर निर्मात्यालाही आधार मिळेल. एकटा निर्माता संकेतस्थळाशी काय भांडणार? वर्षाकाठी एखादं नाटक काढणाऱ्याला तर तिथून परतीचा फोनही येत नसेल. “नाट्यगृहाची अट आहे, माझा नाइलाज आहे,” एवढं वाक्य त्याच्या हातात द्या. पुढचं तो बघेल. अनुदानाच्या अर्जातही हीच ओळ घालता येईल.

महापालिका आपल्या खात्याखाली येत नाहीत, हे उत्तर मला आधीच दिसतं आहे. म्हणून सुरुवात रवींद्र नाट्य मंदिरापासून करा. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आपण दर वर्षी साजरा करतो. त्या दिवशी भाषणाऐवजी ही अट जाहीर झाली तर १८४३ पासूनचे, म्हणजे पहिल्या मराठी नाटकापासूनचे, सगळे प्रेक्षक टाळ्या वाजवतील, निदान मी तरी.

आपली,
एक नाट्यप्रेक्षक

ता. क. दुसरा अंक घसरतो. बापाचं स्वगत फार लांबतं आणि शेवट दोनदा होतो. तरीही नाटक बघा, त्या मुलीसाठी तरी बघा. काटछाट सुरू आहे असं कानावर आलं, म्हणून पंचविसाव्या प्रयोगाला मी पुन्हा जाणार आहे. खिडकीवर मधली खुर्ची मिळाली तर.