साइड बी रिकामी

प्रिय सई,

परवा फोनवर तू म्हणत होतीस, स्ट्रेंजर थिंग्ज मालिकेने सिंथेसायझरचं जुनं यंत्रसंगीत मेलेलं उठवलं. माझ्या तोंडून निसटलं, "एक्झिट १९८१ ची, फीड्रा त्याच्या कितीतरी आधीची," आणि टँजरिन ड्रीम या चमूच्या अल्बमांची नावं माझ्याकडून ऐकून तू एकदम गप्प झालीस. मग म्हणालीस, "आई, तुला टँजरिन ड्रीम कसे माहीत? आणि माहीत होते तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?" गॅसवर काहीतरी आहे असं सांगून मी फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. उत्तर लांबलचक होतं, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे एक कॅसेट आहे. वसतिगृहात खोलीतल्या मैत्रिणीने दिलेली. कोणीतरी कोणाकडून तरी भरून घेतलेली, आणि ही त्याचीही नक्कल. वरच्या कागदावर निळ्या शाईत एवढंच लिहिलंय: 'जर्मन. साइड बी रिकामी.' ना कलाकाराचं नाव, ना गाण्यांची. गाणी तरी कशाला म्हणायची, त्यात कोणी गातच नव्हतं. घड्याळाच्या टिकटिकीसारखे एकामागून एक पडणारे सूर, खाली घुमणारं काहीतरी, आणि वर सावकाश सरकणारे ढग. परीक्षेच्या दिवसांत मी रात्र रात्र ती लावून अभ्यास करायचे. टेप इतक्यांदा फिरली की बारीक आवाज झिजून गेले. मला वाटायचं, ते संगीतच तसं आहे, पाण्याखालून येणारं.

पुढे नोकरी, लग्न, तू. ती कॅसेट प्रत्येक घरात माझ्याबरोबर आली, वाजली मात्र नाही. आणि जिचं नावच ठाऊक नाही तिच्याबद्दल विचारणार तरी काय? शब्द असते तर एखादी ओळ म्हणून दाखवली असती. एकदा तुझ्या बाबांना गुणगुणून दाखवली. ते म्हणाले, "पंख्याला तेल घालायला हवंय."

मग २०१६ साल. तू चौदा वर्षांची, आणि स्ट्रेंजर थिंग्जने तुला झपाटलेलं. हेडफोन न लावता बघत बसली होतीस, त्यावरून ओरडायला म्हणून मी तुझ्या खोलीकडे आले आणि दारातच थांबले. माझी कॅसेट वाजत होती. तीच, पण स्वच्छ. मी कधीच न ऐकलेले बारीक, काचेसारखे आवाज तिच्यात होते. म्हणजे ते आधीपासून होतेच, माझ्या टेपवरून पुसले गेले होते. तू मान वळवून विचारलंस, "काय गं?" मी म्हटलं, "आवाज कमी कर."

त्या रात्री तू झोपल्यावर मी त्या मालिकेत वाजलेल्या जुन्या संगीताची यादी शोधून काढली आणि एकेक ऐकत गेले. 'एक्झिट'पाशी हात थांबला. टँजरिन ड्रीम, पश्चिम बर्लिन. अर्ध्या आयुष्यात न सापडलेलं नाव अर्ध्या तासात समोर आलं, तेही मुलांना पळवणाऱ्या राक्षसाच्या मालिकेमुळे.

तुला सकाळीच सांगायला हवं होतं. पण तू नाश्त्याला येऊन, "आई, तुला कळणार नाही, पण यातलं म्युझिक म्हणजे..." असं सुरू केलंस, आणि तुझा चेहरा बघून मी गिळून टाकलं. चौदाव्या वर्षी आपल्याला सापडलेली गोष्ट आईच्या कपाटात आधीपासून पडून आहे हे कळलं, की ती तिथेच मरते. निदान माझ्या बाबतीत तरी मेली असती. एकदा नाही सांगितलं की पुढे सांगणं अवघड होतं, आणि मग तू शिकायला बाहेर पडलीस.

वाचत मात्र राहिले. आधी वाईट वाटलं ते एडगर फ्रोझे यांच्याबद्दल. १९६७ मध्ये त्यांनी हा चमू उभा केला, माणसं येत गेली, जात गेली, हे टिकून राहिले. जानेवारी २०१५ मध्ये ते गेले आणि ही मालिका आली जुलै २०१६ मध्ये. दीड वर्षाने चुकामूक. मागे राहिलेल्या मंडळींनी त्याच वर्षी मालिकेची धून आपल्या पद्धतीने वाजवून ध्वनिमुद्रित केली. नातवाने आजोबांची नक्कल करावी आणि आजोबांच्या घरच्यांनी ती पुन्हा करून दाखवावी, तसं.

ती धून तुझ्या त्या छोट्या सिंथेसायझरवर काढून बघ, फार अवघड नाही. सगळे शुद्ध स्वर: सा ग प नी सां नी प ग, आणि पुन्हा पहिल्यापासून. जिना चढायचा आणि उतरायचा. बेचैनी कुठून येते सांगू? त्या निषादातून. वरच्या षड्जाला टेकलेला सूर. षड्ज हाताला लागतो न लागतो तोच पाय मागे येतो. बाकी जादू फिल्टरची. हे यंत्र गाळून गाळून आवाज घडवतं. आधी खच्चून भरलेला, करकरीत आवाज तयार करायचा आणि मग त्यातलं नको ते गाळायचं. गाळणी हळूहळू उघडत नेली की घागर भरताना आवाज जसा बदलत जातो तसं ऐकू येतं. सूर तेच आठ, पण प्रत्येक फेरीत जरा जास्त उजेड.

ती धून रचली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांनी. पुढच्या वर्षी तिला दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. मालिका करणाऱ्या डफर बंधूंनी कल्पना विकण्यासाठी नमुन्याचा ट्रेलर केला होता, तेव्हाच त्यांनी या दोघांच्या चमूचं संगीत त्यावर चढवलं होतं. पण मला सगळ्यात गंमत वाटली ती डफर बंधूंच्या जन्मसालाची. गोष्ट सुरू होते नोव्हेंबर १९८३ मध्ये आणि हे जुळे भाऊ जन्मले फेब्रुवारी १९८४ मध्ये. ज्या दिवसांच्या आठवणीने तू हळवी होतेस, त्या दिवसांत ते बनवणारेसुद्धा नव्हते! त्यांची आठवण आहे ती लहानपणी पाहिलेल्या चित्रपटांची, आणि त्या चित्रपटांमागे सिंथेसायझर वाजत होते. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर आपल्या भयपटांचं संगीत स्वतःच करायचे, टँजरिन ड्रीमने १९७७ पासून हॉलिवूडला संगीत पुरवलं. बाकी १९८३ च्या खऱ्याखुऱ्या शाळकरी मुलांपैकी किती जण सायकलवरून जाताना बर्लिनचं यंत्रसंगीत ऐकत असतील, मला शंकाच आहे.

याहून मोठा विनोद असा की ही बर्लिनची माणसं जुनं काही आळवत नव्हती. त्यांच्या लेखी तो उद्याचा आवाज होता. कोणत्याही लाकडातून, चामड्यातून न निघालेला. दूरचित्रवाणीनेही आधी तो उद्यासाठीच वापरला. १९६३ मध्ये बीबीसीवर डॉक्टर हू ही कालप्रवासाची मालिका सुरू झाली, तिची धून रॉन ग्रेनर यांनी लिहिली, पण ती घडवली डेलिया डर्बिशायर यांनी. सिंथेसायझर बाजारात यायच्या आधी. चाचणीच्या यंत्रांचे सूर आणि छेडलेल्या तारेचा आवाज टेपवर घ्यायचा, वेग कमीजास्त करून हवी ती पट्टी मिळवायची, आणि प्रत्येक स्वराची टेप मोजून कापून पुढच्या स्वराला चिकटवायची. शिवणकामच ते. तयार झालेली धून ऐकून ग्रेनर यांनी "हे मी लिहिलंय?" असं विचारलं म्हणतात. श्रेयात त्यांना वाटा मिळावा अशी ग्रेनर यांची इच्छा होती, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. डर्बिशायर २००१ मध्ये गेल्या, आणि त्या मालिकेच्या श्रेयनामावलीत पडद्यावर त्यांचं नाव आलं ते २०१३ च्या पन्नाशीच्या विशेष भागात. याचा मला अजून राग येतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तेव्हा कालचा 'उद्या' आता 'काल' म्हणून विकला जातोय. मालिकेने हे संगीत मेलेलं उठवलं असं तू म्हणतेस, ते मात्र अर्धंच खरं. राखेखाली निखारे होते. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला, सुराला पक्का, आणि जुनी अॅनालॉग यंत्रं लोकांनी कमी पैशांत काढून टाकली. तीच मग हौशी पोरांच्या हाती लागली. कॉर्गने आपला जुना एमएस-२० सिंथेसायझर लहान आकारात २०१३ मध्येच परत आणला होता. दूरचित्रवाणीतही तेच. हॉल्ट अँड कॅच फायर ही सुरुवातीच्या संगणकांच्या दिवसांवरची मालिका २०१४ ची, आणि तिचं संगीत पॉल हास्लिंगर यांचं, जे १९८६ ते १९९० टँजरिन ड्रीममध्येच होते. स्ट्रेंजर थिंग्जने घातली ती फुंकर. फुंकरीला कमी लेखत नाही मी. नुसत्या निखाऱ्यावर भात शिजत नाही.

आता तुझ्या त्या मित्राबद्दल, जो "मालिका बघून आलेले" म्हणून तुम्हाला हिणवतो. त्याला गायिका केट बुशचे आकडे दाखव. 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. २०२२ मध्ये मालिकेतल्या मुलीच्या वॉकमनमध्ये ते वाजलं आणि ३७ वर्षांनी पहिल्या क्रमांकावर बसलं. अमेरिकेत तेव्हा तिसाव्या क्रमांकावर अडकलेलं, या वेळी तिसऱ्यावर. फेअरलाइट नावाच्या संगणकी वाद्यावर घडवलेलं गाणं आहे ते, आणि आजही कालचं वाटत नाही. ऐकणाऱ्यांत बाईंना आधीपासून ओळखणारे किती आणि मालिकेमुळे आलेले किती, हे कोणी मोजलं असेल तर मला ठाऊक नाही. मोजायचंही कशाला? माझंच घे. मी तर चोरून भरलेल्या कॅसेटच्या नकलेवरून आले. तुझा रस्ता माझ्यापेक्षा कितीतरी सरळ आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. मालिकेला या संगीतातला तुकडा लागतो. दार उघडेपर्यंत, दिवा लुकलुकेपर्यंत, फार तर मिनिटभर. फीड्राचा मुख्य तुकडा सतरा मिनिटांहून मोठा आहे, आणि त्यात घडणाऱ्या गोष्टी मिनिटभरात घडतच नाहीत. १९७३ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत टँजरिन ड्रीमवाले बसले होते, नव्याने हाती आलेला मोग कंपनीचा सीक्वेन्सर घेऊन. या यंत्रांत सूर म्हणजे विजेचा दाब. एक व्होल्ट वाढवला की आवाज एक सप्तक वर. सीक्वेन्सर पायरीपायरीने ठरलेला दाब पाठवत राहतो आणि सूर आपोआप पडत जातात. पण यंत्र तापलं की सूर घसरतात. फीड्रा ध्वनिमुद्रित होत असताना तसंच झालं, पट्टी सरकायला लागली, आणि त्यांनी ते काढून टाकलं नाही. ऐकताना कळतं. जमीन पायाखालून अगदी हळू कलते आणि आपण कललोय हे बऱ्याच वेळाने लक्षात येतं. गाणारा नाही, ओळखीचा चेहरा नाही, ठेका धरायला जागा नाही, तरी तो अल्बम १९७४ मध्ये ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या वीसांत गेला. दाखवायला एकही चित्र नसताना!

तू मालिकेच्या वाटेने आलीस म्हणून हे संगीत ऐकताना तुला धुकं, जंगल आणि लाल दिवे दिसत असणार. मला काय दिसतं माहितेय? टेबल-लँप, अर्धवट सुटलेली गणितं आणि समोरच्या पलंगावर तोंडावर पुस्तक घेऊन झोपलेली मैत्रीण. यातलं काहीच बर्लिनवाल्यांच्या मनात नव्हतं.

ती कॅसेट या पत्राबरोबर पाठवते आहे. टेप सैल झाली असेल, लावण्याआधी चक्रात पेन्सिल घालून घट्ट करून घे, नाहीतर गुंता होईल. टेपरेकॉर्डर शोधणं तुझ्याकडे लागलं. पहिली बाजू तुला ओळखीची वाटेल, जरा पाण्याखालची. दुसरी बाजू रिकामी आहे असं लिहिलंय. मी ते वाचलं आणि इतकी वर्षं तसंच धरून चालले, एकदाही उलटून लावली नाही. तू लावून बघ आणि काय निघतं ते कळव.

बाबा विचारताहेत, पंखा नीट चालतोय ना.

तुझी,
आई