चित्रे दान करताना निगेचीही सोय हवी

मा. संपादक,

एम्प्रेस मिलमुळे (१८७७) जमशेदजी टाटा नागपूरकरांना परिचित आहेत. त्यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा (१८७१–१९१८) तितकेसे नाहीत. चित्रे, जेड या शोभेच्या दगडाच्या वस्तू, चिनी मातीची भांडी त्यांनी हौसेने जमवली, पाटलिपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलला, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला वार्षिक देणगी दिली. त्यांचा संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आजही नीट पाहता येतो.

आपल्याकडे मात्र जुन्या घराण्यांतली तैलचित्रे ग्रंथालयांना, शाळांना मिळतात आणि तिथेच खराब होतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा, त्यात कूलरचा ओला झोत थेट चित्रावर! कापड ताणते-सैलावते, वरचा वाळलेला रंग तेवढा लवचिक नसतो, म्हणून भेगा पडतात. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेल्या चित्राच्या पाठीवर बुरशी येते.

उपाय स्वस्त आहेत. चित्र बाहेरच्या भिंतीवर नको. चौकटीच्या चारही कोपऱ्यांमागे बुचाचे दोन सेंटीमीटर जाड तुकडे लावावेत, म्हणजे मागून हवा खेळते. ओले फडके कधीच नको, मऊ कोरडा ब्रश पुरे. रंगाचे पोपडे सुटत असतील तर तोही लावू नये, तज्ज्ञाला बोलवावे.

देणाऱ्यांनी दानपत्रात प्रत्येक चित्राचे माप, पुढची-मागची छायाचित्रे, आधीच्या भेगांची नोंद जोडावी आणि देखभालीसाठी वेगळी ठेव ठेवावी. तिचे फक्त व्याज खर्चावे, तेही रंगरंगोटीला किंवा सत्कार-समारंभाला वळवता येणार नाही, असे स्पष्ट लिहून.

– चित्रसंवर्धनाशी संबंधित काही वाचक, नागपूर