छायाचित्रातील अंतराळवीर आर्मस्ट्राँग नव्हेत

महोदय,

चांद्रमोहिमांचा विषय निघाला की पांढऱ्या पोशाखातील एका अंतराळवीराचे समोरून टिपलेले छायाचित्र हमखास छापले जाते आणि त्याखाली ‘चंद्रावर नील आर्मस्ट्राँग’ अशी ओळ अनेकदा आढळते. ही ओळ चुकीची आहे. छायाचित्रात उभे आहेत ते बझ ऑल्ड्रिन. ते टिपले आहे आर्मस्ट्राँग यांनी.

भारतीय वेळेनुसार २१ जुलै १९६९ च्या सकाळी ‘अपोलो ११’चे हे दोघे चंद्रावर सुमारे अडीच तास वावरले, आणि त्यातील बहुतेक वेळ हॅसलब्लाड कॅमेरा आर्मस्ट्राँग यांच्याकडेच होता. त्यामुळे चंद्राच्या जमिनीवर पहिले पाऊल ठेवणाऱ्या माणसाची तेथील स्थिर छायाचित्रे अगदी मोजकी आहेत. त्यांतील एका चांगल्या छायाचित्रात ते ‘ईगल’ यानापाशी काम करताना पाठमोरे दिसतात. ऑल्ड्रिन यांच्या छायाचित्रात मात्र शिरस्त्राणाच्या सोनेरी काचेत नीट पाहिले, तर यान, ऑल्ड्रिन यांची स्वतःची लांब सावली आणि समोर कॅमेरा घेऊन उभे असलेले आर्मस्ट्राँग अशी सगळी मांडणी सापडते. एका चौकटीत दोघेही आहेत, आणि ज्याचे नाव आपण चुकीच्या जागी छापतो तो त्या काचेत इवलासा उभा आहे, हे मला फार हृद्य वाटते.

पोशाखावरून दोघांत फरक करणे कठीण होते, हे खरे. ही अडचण पुढे ‘नासा’लाही जाणवली आणि नंतरच्या मोहिमांत मोहीमप्रमुखाच्या पोशाखावर लाल पट्टे आले. परंतु चूक समजण्याजोगी असली, तरी ती पुन्हा पुन्हा छापण्याला ते कारण होऊ शकत नाही. मी विज्ञान शिकवत असताना वर्गातील तक्त्यावरही हीच ओळ होती, आणि कित्येक मुलांनी ती खरी मानून वहीत उतरवली, याची मला आजही खंत वाटते.

चांद्रधुळीत उमटलेल्या बुटाच्या ठशाचेही असेच झाले आहे. ‘मानवाचे पहिले पाऊल’ म्हणून छापला जाणारा तो ठसा ऑल्ड्रिन यांच्या बुटाचा असून, तेथील माती दाबाखाली कशी वागते हे पाहण्यासाठी त्यांनीच तो टिपला होता.

यापुढे हे छायाचित्र छापताना ‘बझ ऑल्ड्रिन, छायाचित्र : नील आर्मस्ट्राँग’ अशी ओळ द्यावी, आणि काचेतील प्रतिबिंब दिसेल एवढ्या आकारात ते छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त विज्ञानशिक्षक, सातारा