काका, तुमच्या पेन्सिलीच्या बाणांसाठी

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जहांगीरच्या टेरेस गॅलरीत तुमच्या फोटोंसमोर उभं राहून मी एवढंच विचारलं होतं, की युटा-ॲरिझोनाच्या कॅन्यनमध्ये फोटो काढायला जायचं तर तयारी कुठून सुरू करू? ओळख ना पाळख, तरी तुम्ही दादरच्या घरी बोलावलंत, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलात आणि पुढचे कितीतरी रविवार मला दिलेत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

सहलींचे कार्यक्रम किलोमीटरवर बेततात. तुम्ही आमचा कार्यक्रम उजेडावर बेतलात. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीचा बाण: ऊन कुठून येणार, सावली कुठे पडणार. ब्राइस कॅन्यनचं मोठं खोरं पूर्वेकडे उघडं, म्हणून तिथे पहाट. डेलिकेट आर्च या खडकाच्या कमानीला संध्याकाळ.

आणि मेसा आर्च सूर्योदयाला खालून का उजळते, ते तर तुम्ही करूनच दाखवलंत. पडदे ओढले, लाल पुठ्ठ्यावर टॉर्च मारला, वर पांढरा कागद आडवा धरलात. कागदाची खालची बाजू केशरी! कमानीखालच्या कड्यावर ऊन पडतं आणि तेच परतून कमानीच्या पोटाला लागतं. माझ्या मुलानं तो प्रयोग घरी येऊन सगळ्यांना दाखवला.

अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीच्या भिंतीही एकमेकींना असाच उजेड देतात. वरून पडणारे ते प्रसिद्ध उन्हाचे झोत साधारण मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच, तेही भर दुपारी. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जाणार. ‘झोतांच्या मागे लागू नकोस, भिंती बघ,’ असं तुम्ही म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथे नावाहो या मूळ रहिवासी जमातीच्या वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, ट्रायपॉडही चालत नाही. म्हणून तुम्ही मला सांदण दरीत नेलंत आणि खांदा कातळाला टेकवून, श्वास रोखून, कॅमेरा हातात धरायला शिकवलंत. आपला काळा कातळ उजेड पिऊन टाकतो, तिथला वालुकाश्म तो परत देतो. सांदणमध्ये जमलं तर तिथे जमेलच, हा तुमचा हिशेब मला फार आवडला.

पण सगळ्यात मोठे आभार पाण्याबद्दल. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोपमध्ये अचानक आलेल्या पुरात 11 पर्यटकांचा जीव गेला, आणि ते पाणी कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचं होतं. आपण मुंबईकर डोक्यावरचं आभाळ बघून पाऊस ओळखतो. तिथे वरच्या अंगाचं आभाळ बघायचं, वाटाडे नाही म्हणाले तर वाद न घालता मागे फिरायचं, हे तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत.

घड्याळाचंही तुम्हीच सांगितलंत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मॉन्युमेंट व्हॅली अँटिलोपजवळच्या पेज गावाच्या एक तास पुढे असते, कारण नावाहो प्रदेश उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढे करतो आणि बाकीचं ॲरिझोना करत नाही. पहाटेच्या फोटोला तासाचा फरक म्हणजे सगळंच हुकलं.

वर तुमची वाइड लेन्सही दिलीत. हॉर्सशू बेंडला नदी सुमारे 300 मीटर खाली. अख्खं वळण चौकटीत बसवायला तीच लागणार. जिवापाड जपेन.

एक प्रश्न उरलाय: मेसा आर्चजवळच्या मोआब गावी दुसऱ्या पहाटे पुन्हा मेसा आर्चच, की डेड हॉर्स पॉइंटचा कडा? रविवारी येते, नकाशा घेऊन.

तुमची ऋणी,
बोरिवलीची विद्यार्थिनी