वारसाईच्या कागदावर लेकींची नावं राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बालीच्या सहलीवर लेख आला होता. देवळं, समुद्र, हॉटेलांचे दर, सगळं होतं. इंडोनेशिया म्हटलं की आपल्याकडची माणसं बालीपाशीच थांबतात. त्याच देशात, जिथे सहलीच्या बसेस सहसा वळत नाहीत अशा एका शेतकरी गावाबद्दल मला लिहायचं आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांमधल्या जमिनींबद्दलही. पत्र लांबलं तर कृपया कापू नये, ही विनंती.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत सुमात्राची एक मुलगी भाड्याने राहते. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर सयाजीराव विद्यापीठात शिकायला आली आहे. मला काकू म्हणते. तिचं गाव पश्चिम सुमात्रात, तनाह दातार जिल्ह्यात, मरापी ज्वालामुखीच्या उतारावर आहे. पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, वर्षाला दोन पिकं तरी निघतात. गावातली माणसं मिनांगकाबाऊ. धर्माने मुसलमान, नमाज-रोजे काटेकोर पाळणारी. आणि शेत, घर, घरापुढचं भाताचं कोठार, हे सगळं आईकडून लेकीकडे जातं. आजचं नाही हे, पिढ्यान् पिढ्यांचं.

मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर नोकरी केली. सातबार, आठ-अ, गाव नमुना सहा, हे जमिनीच्या नोंदींचे कागद वाचण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न, कागदावर नाव कुणाचं? तिने विजेच्या बिलाच्या पाठीवर मला घराण्याची आकृती काढून दाखवली. वर पणजी. तिच्याखाली तिच्या मुली, त्यांच्याखाली त्यांच्या मुली, प्रत्येक रेघ बाईकडून बाईकडे उतरलेली. भाऊ होते, पण बाजूला, एकेक टिंब देऊन. मी म्हटलं, यांची मुलं कुठे गेली? ती म्हणाली, ती त्यांच्या आईच्या आकृतीत असतात, काकू. मी जन्मभर पेढीनामे, म्हणजे वारसांच्या वंशावळी, पाहिले. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, आणि पुष्कळदा लेकींचा पत्ताच नाही. ते बिल मी जपून ठेवलं आहे.

ही जमीन कुणा एकीच्या मालकीची नसते. एका पूर्वज बाईच्या सगळ्या वंशाची मिळून असते, आणि त्यातला वाटा कसायला, पोट भरायला एकेका बाईला नेमून दिलेला असतो. ती विकू शकत नाही, तिचा भाऊही विकू शकत नाही. देखरेख मामाची. त्याला तिथे मामक म्हणतात. घराण्याचा प्रमुख पुरुषच असतो आणि त्याची दातुक ही पदवी त्याच्या मुलाला मिळत नाही, भाच्याला मिळते. तेव्हा तिथे बायकांचं राज्य आहे असं कुणी समजू नये; बैठकीत बोलतात ते मामेच. पण ते बोलतात बहिणीच्या शेताबद्दल, आणि बहिणीच्या मुलांचं बरंवाईट बघणं हे त्यांचं कर्तव्य मानलं जातं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. त्याच्याबद्दल तिकडे म्हण आहे की तो जळक्या बुंध्यावरची राख, वारा आला की उडाली. ही म्हण मला मुळीच आवडली नाही. सून असो की जावई, कुणाला घरात असं उपऱ्यासारखं वाटू नये.

मला सगळ्यात जास्त रस वाटला तो गहाणाच्या नियमांत. ही वडिलधाऱ्यांची जमीन विकायची नसतेच, अगदी नड असेल तर गहाण टाकायची, आणि तीही रूढीने ठरवून दिलेल्या चार कारणांसाठीच. घरात मुलगी उपवर झाली आहे आणि लग्नाला पैसा नाही. घरात प्रेत पडलं आहे आणि मातीला पैसा नाही. मूळचं मोठं घर गळायला लागलं आहे. किंवा घराण्याची रिकामी पडलेली पदवी पुन्हा उभी करायची आहे. बस्स. मुलाची गाडी, दुकानाचं भांडवल, कुणाचं जुनं देणं, यातलं काही त्या यादीत नाही. ज्याच्याकडे गहाण टाकलं तो शेत कसतो आणि पीक खातो, आणि कर्ज बहुधा सोन्याच्या वजनात मोजलेलं असतं. तेवढं सोनं परत दिलं की शेत परत. आपल्या जुन्या कब्जेगहाणाचाच प्रकार. इंडोनेशियाच्या सरकारने १९६० साली कायदा करून ठेवला आहे की सात वर्षं पीक खाऊन झालं की शेत फुकट परत करायचं. गावात मात्र रूढीचंच जास्त चालतं. बँकेतली बाई म्हणून मी सांगते, ही पद्धत गरिबाला महागच पडते. वर्षानुवर्षं पीक दुसऱ्याच्या घरात जातं. तरीही ती चार कारणं मी माझ्या वहीत उतरवून घेतली, कारण घराची जमीन कशासाठी पणाला लावायची आणि कशासाठी नाही, हे आपल्याकडे कुणी कधी बसून ठरवलेलंच नसतं.

धर्माशी याचा मेळ कसा बसतो, हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. तिथल्या मौलवींनीही शंभर वर्षांहून जास्त काळ हाच वाद घातला. शेवटी १९५२ मध्ये बुकिटिंगी शहरात धर्मपंडित आणि घराण्यांचे प्रमुख एकत्र बसले आणि तोड काढली. आईच्या वंशातून आलेली जुनी मिळकत रूढीने लेकींकडे जाईल, आणि नवरा-बायकोने स्वतः कमावलेली इस्लामी वारसा कायद्याने मुलगे-मुली दोघांत वाटली जाईल. वाद संपले असं नाही. जुन्या जमिनींचे खटले तिथल्या कोर्टात आजही पुष्कळ चालतात. सरकारी सर्टिफिकेट काढताना मामाने एकट्याचं नाव लावून घेतलं आणि पुढे भाच्या भांडत बसल्या, असंही घडतं. कागद आला की नावाचा प्रश्न आलाच, मग ते तनाह दातार असो की आपल्याकडचं डभोई.

त्याच बुकिटिंगीत १९०२ साली महंमद हत्ता जन्मले, इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती. वडील गेले तेव्हा ते आठ महिन्यांचे होते. ते आजोळी, आईच्या माणसांत वाढले. त्या समाजात विधवा लेक माहेरी राहते त्यात कुणाचे उपकार नसतात, कारण घर तिचंच असतं.

आता माझ्या आत्याबद्दल लिहिते. आमच्या आजोबांची डभोईकडे काळी कापसाची जमीन होती. गायकवाडी चाकरीतून मिळालेली. गणोतधाऱ्यात, म्हणजे कूळकायद्यात, बरीचशी गेली, उरली ती तीन भावांची झाली. आत्या चौथी, आणि सगळ्यांत मोठी. आजोबांच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर ओटल्यावर तलाटी बसला होता. आत्या आतून हात पुसत आली, कुठे अंगठा करायचा ते तिला दाखवलं, आणि ती परत पंगतीतली भांडी आवरायला गेली. नोंद पडली, हक कमी, म्हणजे आत्याने आपला हिस्सा सोडला. पुढे ती विधवा झाली आणि भावाच्या घरी मागच्या खोलीत आली. दुधाचा कप घ्यायच्या आधी ती वहिनीकडे बघायची. मी लहान होते, पण ते बघणं मला आजही दिसतं. काका वाईट नव्हते. त्यांना यात काही गैर आहे असं कधी कुणी सांगितलंच नाही.

त्या काळी कायदाही तिच्या बाजूने अर्धाच होता. आता तसं नाही. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार आहे, शेतजमीनही त्यात आली, आणि राहत्या घरात वाटणी मागायला तिला जी आडकाठी होती तीही गेली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत का, यावर उलटसुलट निकाल होते; ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात ते मिटवलं. वडील आधी वारले असले तरी मुलीचा हक्क आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम.

कायदा इतका स्वच्छ असूनही कागद तसाच होतो. माझ्या टेबलावर आलेली प्रकरणं आठवतात. वडील गेले, वारसाईची अरजी केली, आणि वारसाईच्या पाठोपाठची नोंद बहिणींच्या हक कमीची. दोन्हींमध्ये कधी कधी आठवडाही नसे. यात आमच्या बँकेतल्याच काहींचा हात असे हे मी पाहिलेलं आहे. पंपाच्या किंवा ट्रॅक्टरच्या कर्जाला भाऊ आला की त्याला सांगायचं, बहिणींची नावं काढून आणा, नाहीतर इतक्या सह्या कोण घेत बसणार? खरं तर सहखातेदार म्हणून बहिणीची सही घेतली की काम होतं. मी तशी कर्जं केली आहेत. बहिणी आल्या, चहा घेतला, सही केली, गेल्या. वेळ लागतो हे खरं, पण तेवढ्यासाठी कुणाचं नाव कायमचं घालवायचं?

आणखी एक गोष्ट, जी शिकलेल्या बायकांनाही ठाऊक नसते. गुजरातेत शेतजमीन विकत घ्यायची तर आधी खेडूत, म्हणजे कागदोपत्री शेतकरी, असावं लागतं. माहेरच्या सातबारातलं नाव गेलं आणि सासरी शेती नसली, तर उद्या स्वतःच्या पगारातून बिघाभर जमीन घ्यायची म्हटलं तरी खेडूत असल्याचा दाखला कुठून आणणार? सही करताना हे तिला कुणी सांगत नाही.

मला नेहमी ऐकवलं जातं की हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. भाऊबीजेला कोण ओवाळून घेईल? ही भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. कित्येक बायका केवळ तेवढ्यासाठी सही करतात, आणि आनंदाने केली असं सांगतात. पण वरच्या खोलीतल्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिला नीट समजेनाच. तिचा मामा दर आठवड्याला फोन करतो, शिकतेस ना, जेवतेस ना विचारतो. मे २०२४ मध्ये मरापीवरून पावसाबरोबर राख, वाळू आणि धोंडे खाली आले, आगाम, तनाह दातार आणि आसपासच्या भागात साठाहून जास्त माणसं दगावली, आणि तिच्या आईच्या शेतात गुडघाभर गाळ बसला. तो उपसायला पहिल्यांदा कोण आलं? मामा. त्या शेतातला एक दाणाही त्याच्या मुलांना मिळायचा नाही, तरी आला. जमीन बहिणीची असली म्हणून भाऊ परका होत नाही, याचं एवढं ढळढळीत उदाहरण माझ्यापुढे दुसरं नाही.

त्यांची पद्धत आपण उचलावी असं मी म्हणत नाही. लेकांना वगळून लेकींना द्यावं, हेही मला न्याय वाटत नाही. माझं मागणं फार थोडं आहे. वडील किंवा आई गेल्यावर वारसाई करताना पेढीनाम्यात सगळ्या लेकींची नावं लिहावीत आणि वारसाईची नोंद सगळ्यांच्या नावाने होऊ द्यावी. आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत हक कमीचा कागद कुणीही कुणापुढे ठेवू नये. तेराव्याला रडून रडून डोळे सुजलेले असतात, परतीच्या गाडीचं तिकीट काढलेलं असतं, अशा वेळी कुणाची सही घेणं बरोबर नाही. वर्षाने तिला खुशीने सोडायचं असेल तर सोडू दे. एक बहीण अमेरिकेत आहे आणि तिला नकोच आहे, असंही असतं. पण तेव्हा ती शांतपणे वाचून, विचारून सही करेल. नोंदीत फेरफार होत असल्याची, जमीन महसूल कायद्याच्या कलम १३५-ड ची नोटीस टपालाने आली तर बहिणींनी ती ड्रॉवरमध्ये टाकू नये. हरकत घ्यायला तीस दिवस असतात, ते निघून गेले की मग प्रांताकडे अपील, तारखा, वकील.

आपल्या दैनिकात निधनवार्ता येतात: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ त्या तीन मुली महिन्याभराने तलाट्याकडच्या पेढीनाम्यात असतात का, हे एकदा आपल्या वार्ताहराने ई-धरा केंद्रात, जिथे जमिनीच्या नोंदी होतात तिथे, बसून पाहावं आणि छापावं. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तिथल्या बायकांना सही करता येते. कागद वाचायला मदत लागते, ती मी करू शकते. शहरातल्या मराठी मंडळांपैकी कुणी महिन्यातून एक शनिवार दुपारी खोली दिली तर मी येऊन बसेन. सातबार, नमुना सहाची नक्कल आणि नोटीस आली असेल तर तीही सोबत आणावी. फी नाही. मंडळांनी आपल्या कार्यालयात कळवावं, आपण मला निरोप द्यावा.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, वडोदरा