तळ नसलेल्या वाट्या

पुणे, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम खोक्यात सगळ्यात वर ठेवलंय. बाबा, खालची मलमलीतली गुंडाळी उघडायच्या आधी हे वाचा. आई, त्यांना वाचू दे, मध्ये बोलू नकोस.

गुंडाळीत हेडफोन आहे. विकतचा नाही, मी केलाय. लाकूड आजीच्या पलंगाचं आहे. माळ्यावर तीन पाय उरलेत आणि चौथा उंदरांनी नेला नाही, एवढंच आत्ता सांगते. बाकीचं आईला विचारा.

खरं तर मीच सांगते, नाहीतर ती निम्मं गाळेल. जूनमध्ये, तुम्ही दुपारचे झोपलेले असताना, आई तो चार इंची चौकोनी शिसवी पाय भाजीच्या पिशवीत घालून लाकूड कातणाऱ्या खराद्याकडे घेऊन गेली. मी फोनवर सगळी मापं दिली होती: बाहेरून साडेनऊ सेंटिमीटर, आतून आठ, उंची चार, आणि आरपार. बाकी सगळं पोचलं, ‘आरपार’ तेवढं वाटेत सांडलं. आईने त्याला सांगितलं, दोन वाट्या करून दे. त्याने केल्या. काय देखण्या केल्या! तळाला गोल कड, आत पॉलिश. वर विचारलं, “माताजी, इसमें चटनी रखेंगी क्या?” फोटो बघून मी ऑफिसात एकटीच हसत सुटले. मग आईची दुसरी फेरी, तळ कापून घ्यायला. तेव्हा तो म्हणाला म्हणे, “बिना पेंदे की कटोरी पहली बार बना रहा हूँ.” माझ्या हेडफोनबद्दल आजवर कुणी इतकं नेमकं बोललं नाहीये. (इथे पुण्यात त्याला कातारी म्हणतात. मी ‘खरादी’ म्हटलं की अजून हसतात. हसू देत.)

तळ का नको, ते सांगण्याआधी दुसरं एक सांगायचंय. ते फोनवर जमत नव्हतं म्हणून पत्र.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याला सकाळी तुम्ही रेडिओ लावला होता. आवाज मोठा होता. मी आतून ओरडले, “बाबा, अख्ख्या गल्लीला ऐकवताय का?” तुम्ही काही बोलला नाहीत. उठलात, बटण फिरवलंत, आणि पेपर घेऊन ओसरीवर जाऊन बसलात. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले आणि विसरूनही गेले. मे महिन्यात आई बोलता बोलता म्हणाली, “रेडिओ? तो दिवाळीपासून बंदच आहे.” मग मी विचारलं, डिसेंबरात समारोहाला गेला होतात का? तर नाही. शंभरावा तानसेन समारोह, आपल्याच ग्वाल्हेरात, हजिऱ्याला, घरापासून रिक्षाने जेमतेम अर्धा तास, आणि तुम्ही गेला नाहीत. लहानपणी मला शालीत गुंडाळून पहाटेपर्यंत बसवणारे तुम्ही. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चावून गळा गोड होतो म्हणून मला तोंडभर आंबट खायला लावणारे तुम्ही.

मला वाटलं थंडीमुळे. आईने सांगितलं, कानाच्या मशीनमुळे. मशीन घातलं की तंबोरा “रडतो” असं तुम्ही म्हणता. मला आधी ते तुमचं नेहमीचं नाटक वाटलं होतं. मग मी इथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंना विचारलं आणि माझे कान लाल झाले. तुमचं बरोबर होतं. कानाचं मशीन बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं. ते स्वतःच शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक पहारेकरी बसवलेला असतो, आणि एकसारखा लांबलेला सूर आला की त्याला ती शिट्टीच वाटते. तो तिला पुसायला जातो आणि सूर थरथरतो. बोलण्यात लांब सूर नसतात, म्हणून तिथे हे कळत नाही. तंबोऱ्यात दुसरं असतंच काय? मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम टाकून मिळतो म्हणे. तो तुमच्या डॉक्टरांकडून जरूर टाकून घ्या, समारोहाला उपयोगी पडेल. पण घरी तुम्ही मशीन काढून ठेवता आणि रेडिओ मोठा करता, हे शहाणपणाचंच होतं. ओरडणारी मूर्ख होती.

म्हणून हेडफोन. बाजारात ढीग पडलेत, पण बहुतेक बंद डब्यांचे. कानावर दोन डबे बसले की बाहेरचं जग संपलं. आईने हाक मारली तरी ऐकू जायचं नाही, आणि आईच्या हाकेला मशीन लागत नाही हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. शिवाय ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ते डबे घालून कोण बसणार? कानात खिचडी शिजेल.

उघड्या पाठीच्या हेडफोनला मागे भिंत नसते, जाळी असते. तुम्हाला टेलिफोनच्या रिसीव्हरने समजावते. आतला पडदा पुढे हलतो तेव्हा कानाकडे हवा ढकलतो, आणि त्याच वेळी मागची हवा ओढतो. मागे बंद डबा असेल तर ती हवा स्प्रिंगसारखी अडते, भिंतीवर आपटून परत येते, आणि गाणं डोक्याच्या आत कोंबल्यासारखं वाटतं. मागे मोकळं असेल तर ती निघून जाते. गवई समोर बसल्यासारखा वाटतो, थोडा लांब, सतरंजीच्या त्या टोकाला. ही युक्ती तशी नवी नाही. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ साली असा पहिला हेडफोन विकायला काढला, पिवळ्या स्पंजचा. तेव्हा तुम्ही अकरावीत होतात.

माझ्या डोक्यात ही जाळी कुठून आली माहीत आहे? मोहम्मद गौसांच्या मकबऱ्यातून, तानसेनाच्या समाधीशेजारच्या. समारोहाला दुपारीच पोचायचो आपण. एकदा तुम्ही मला आत उभं केलंत, दगडी जाळीला कान लावायला सांगितलंत, आणि बाहेरून सा लावलात. तुम्ही दिसत नव्हता, नुसता उन्हाचा नक्षीदार तुकडा दिसत होता, आणि सा त्या भोकाभोकांतून येत होता. माझी जाळी मात्र पिठाच्या चाळणीची आहे. स्टीलची, बारीक. नवी चाळणी आणली होती, आई, घरातली कापली नाही.

आता चुका. पहिली जोडी मी मारली. पन्नास मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणाऱ्या चकत्या, तपकीर गल्लीतून आणले होते. पडदा म्हणजे भाजीवाल्याच्या पिशवीपेक्षाही पातळ प्लास्टिक, आणि त्याच्यामागे निओडिमियमचा चुंबक. मी पुढची झाकणी काढून लोखंडी चिमट्याने धूळ उचलायला गेले. चिमटा हातातून सुटला नाही, हिसकावला गेला. टक् झालं आणि पडद्याला पोचा पडला. तो गायला लागला की आता नळात खडा अडकल्यासारखा आवाज येतो. ठेवलाय तसाच, दाखवायला. त्यानंतर पितळी चिमटा आणला. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोखंडी हत्यारं वेगळ्या खणात का ठेवायचात, ते चाळिसाव्या वर्षी कळलं.

तारांचे टाके (सोल्डरिंगचे) तुम्ही भिंग लावून बघणार, म्हणून आधीच कबूल करते. डाव्या बाजूचा एक टाका कोरडा होता. राखाडी, भुरभुरीत दिसत होता. तो सोडवून परत मारला. या तारा केसासारख्या बारीक असतात आणि प्रत्येक केसाला वार्निश असतं. तापलेल्या कावियाच्या (सोल्डरिंगच्या हत्याराच्या) टोकावर कथलाचा थेंब धरून त्यात तार बुडवून ठेवली की धूर येतो, वार्निश जळतं, मगच ती पकडते. पण ड्रायव्हरच्या कानावर (तार जोडायच्या पत्रीवर) कावीया दोन सेकंदांहून जास्त टेकवला की आतलं प्लास्टिक वितळतं. एका टोकाला घाई नको, दुसऱ्या टोकाला उशीर नको. तुम्ही मला सातवीत शिकवताना म्हणाला होतात, “आधी जागा तापव, मग टाका दे. टाका तापवून जागेवर थुंकू नकोस.” आईला तेव्हा ते ‘थुंकू’ आवडलं नव्हतं.

दुसरी चूक जास्त मजेची. सगळं जोडून झालं, रात्री बारा वाजता कानाला लावलं, आणि गवई समोर नव्हताच. आवाज कुठून तरी डोक्यामागून, कडेकडेने येत होता आणि खर्ज गायब. अर्धा तास ड्रायव्हरमागचा नमदा (दाबीव लोकरीचं जाड कापड) बदलत बसले. मग तुमचा पेन्सिल सेल आठवला. दोन तारा सेलला क्षणभर टेकवल्या. डावा पडदा पुढे उडी मारतो, उजवा मागे. म्हणजे एका बाजूच्या तारा उलट्या! एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. तारा बदलल्या आणि तो भला माणूस येऊन समोर बसला.

नमद्याचं काम सगळ्यात जिकिरीचं. पाठ उघडी म्हटली की खर्ज आधी पळतो. ड्रायव्हरच्या मागे नमद्याची चकती लावली की तो थोडा धरून ठेवता येतो. जास्त लावली की परत डबा. मी तुमच्या ‘काळी एक’ पट्टीचा तंबोरा लावून ठेवायचे. त्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला असतो. मग कात्रीने चकतीची कड थोडी थोडी कापत जायचे. दोन आठवडे रोज रात्री पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर कान जे ऐकायचंय तेच ऐकतात. शेवटी एका रात्री खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातला गंधार स्वच्छ वर आला. तिथे कात्री ठेवून दिली.

तुमच्या ऑडिओग्रामचा (कानाच्या तपासणीच्या आलेखाचा) फोटो आईने पाठवला होता. उजवा कान डाव्यापेक्षा साधारण दहा डेसिबलने मंद आहे. म्हणून डाव्या वाटीत ३३ ओमचा एक रेझिस्टर (विजेला थोडं अडवणारा तुकडा) आहे. ड्रायव्हर ३२ ओमचा, त्यामुळे व्होल्टेज निम्मं होतं आणि डावी बाजू सहा डेसिबलने खाली येते. पूर्ण दहा मुद्दाम नाही कापले, बाकीचं तुमचं डोकं जुळवून घेईल. नाही आवडलं तर जाळीचे तीन स्क्रू काढा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये तार टाका. मला विचारायचीही गरज नाही.

वापरायच्या गोष्टी, भरभर. चष्मा काढून ऐका. काडीमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही, आणि पुढची हवा मागच्या हवेला भेटली की खर्ज मेलाच. तसेही तुम्ही डोळे मिटूनच ऐकता. डोक्यावरची पट्टी जुन्या बाजारातल्या एका मोडक्या हेडफोनची आहे. फार आवळत होती म्हणून आठवडाभर शब्दकोशांच्या चळतीवर ताणून ठेवली होती. गाद्यांना सुती खोळी आहेत, चार जोड्या, तुमच्या सरसोंच्या तेलासाठी. आई, दर रविवारी बदल. आणि सोबतचा बोटभर काळा जोड टाकून देऊ नका! तुमच्या ट्रान्झिस्टरचं भोक मोनो आहे, दोन कानांना वेगळा आवाज न देणारं. पिन सरळ घातली तर फक्त डाव्या कानात वाजेल आणि तुम्ही म्हणाल, पोरीने एक बाजू मेलेली पाठवली. जोड मध्ये लावला की दोन्ही वाजतात. मोबाइलला जोड लागत नाही. आवाज हळूहळू वाढवा, एक-दीड तासाने कानांना उसंत द्या.

वजन ३४० ग्रॅम भरलंय, किचनच्या काट्यावर. शिसव जड. उजव्या वाटीला केसाएवढी चीर होती, ती लाकडाच्या भुशात फेव्हिकॉल कालवून भरलीय. बोट फिरवलंत तर लागेल.

आई, तुझ्यासाठी एक सूचना. हा बाहेरही वाजतो. बाबांच्या शेजारी बसलीस तर तुला बारीक, डासाएवढं गाणं ऐकू येईल. तो बिघाड नव्हे, तो असाच असतो. तुला ते आवडलं नाही तर लांब बस. पण हाक मारायची सोय मी ठेवलीय, हे लक्षात असू दे, आणि बाबा, “ऐकू आलं नाही” ही सबब आता बंद.

मी डिसेंबरात येतेय, समारोहाच्या आदल्या दिवशी. तिकीट काढलंय. गजक मी आणणार नाही, तुम्ही आणून ठेवा.

आणि आई, खराद्याने कापलेले ते दोन तळ त्याच्याकडेच राहिलेत का? असतील तर मागून आण. चहाच्या कपांखाली ठेवायला होतील.

तुमची,
मनू