अनोकाच्या गायी आणि गुरुजींचं बाकडं

मिनिआपोलिस,
ऑगस्ट २०२६

प्रिय दिग्या,

तिकिटं काढलीस हे बरं केलंस. नाहीतर "येतो, येतो" करत तू आणखी दहा वर्षं चिपळूण स्टँडवरच उभा राहिला असतास. आता तुझा प्रश्न. ओवी-निनादला हॅलोविन दाखवायचाय, गाव कुठलं गाठू? भुतं चालतील, पण पोरं रात्री झोपली पाहिजेत, असं वहिनींनी बजावलंय.

आधी एक सांगतो. ३१ ऑक्टोबरचं हे हॅलोविन म्हणजे इंग्रजी शाळांनी आणलेलं फॅड, असं तुझ्या डोक्यात असेल तर काढून टाक. हा शिमगा आहे रे! सोंगं घ्यायची, दारोदार जायचं आणि काही मिळाल्याशिवाय हलायचं नाही. आपण "आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना" म्हणत पोस्त मागायचो, इथली पोरं "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणतात. पोस्ताच्या जागी चॉकलेट, संकासुराच्या जागी सांगाडा. संकासुराची घुंगरं वाजली की तू माजघरात कणगीमागे लपायचास, हे मी इथे अजून कोणाला सांगितलेलं नाही. पोरं आल्यावर मात्र माझा भरवसा धरू नकोस.

तुझी मेहुणी चेटकिणींच्या गावाचं, सेलमचं, नाव घेणार. सगळेच घेतात. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलने अर्ध्या तासावर आहे. आम्हीही गेलो होतो, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, आणि वर शहाणपणा करून गाडीने. दोन तास पार्किंग शोधण्यात गेले. लेकीला खांद्यावर घेऊन गर्दीत शिरलो, तर तिला लोकांच्या टोप्या दिसल्या आणि मला पाठी. गावाची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आत, आणि अलीकडे ऑक्टोबर महिन्यात येणारं माणूस दहा लाखांच्या घरात. तेव्हा ३१ तारखेला तिकडे फिरकू नकोस. जायचंच तर आडवारी, सकाळी, लोकलने.

पण तिथली एक जागा मनातून जात नाही. १६९२ साली चेटूक केल्याच्या आळावरून त्या गावात १९ निरपराध माणसं फासावर गेली. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, म्हणून त्याला दगडांखाली दडपून मारलं. भर गावात त्यांचं स्मारक आहे. दगडी भिंतीतून पुढे आलेली बाकडी, प्रत्येकावर एक नाव. आत शिरताना पायाखालच्या दगडांत त्या लोकांचे शब्द कोरलेत, आपण निर्दोष आहोत म्हणून सांगणारे, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत भिंतीखाली जातं. बाहेर चेटकिणीच्या टोप्यांचे ढीग विकायला, आणि इथे हे. आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेव्हा आपणही फार मिजास करायला नको. ओवीला हे थोडं समजेल. निनादला नको.

तुम्ही आधी उतरणार त्या न्यू जर्सीहून सोपं पडेल ते स्लीपी हॉलो. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून हडसन नदीच्या काठाकाठाने जाणारी गाडी पकडायची, नदीच्या बाजूची खिडकी धरायची आणि टॅरीटाउनला उतरायचं. पाऊण तासाचा प्रवास. मुंडकं नसलेल्या घोडेस्वाराचं हे गाव. तोफेच्या गोळ्याने डोकं उडालेला भाडोत्री जर्मन सैनिक रात्री आपलं डोकं शोधत घोडा फेकतो, अशी तिथली दंतकथा. ती वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२० साली गोष्टीत लिहिली आणि गावाच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांची सोय केली. गंमत म्हणजे या गावाचं नाव नॉर्थ टॅरीटाउन होतं. १९९६ साली तिथला मोटारींचा मोठा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी गावाने मतदान करून गोष्टीतलं नाव घेतलं. आता शाळेच्या संघाचं नावसुद्धा 'मुंडकं नसलेले घोडेस्वार' आहे. विरुद्ध संघाने काय समजायचं?

तिथल्या जुन्या डच चर्चमागच्या दफनभूमीत अर्व्हिंग पुरलेला आहे. दिवसाउजेडी तिथून चक्कर मारा, पानं लाल-पिवळी झालेली असतात आणि भीतीबिती काही वाटत नाही. गोष्टीतलं भूत पुलापाशी मागे राहतं म्हणतात, आपल्याकडे वेशीपाशी राहायचं तसं. संध्याकाळी त्याच रेल्वेने पुढे क्रोटनला जा. तिथे एका जुन्या वाड्याच्या आवारात हाताने कोरलेले सात हजारांवर भोपळे पेटवून ठेवतात. भोपळ्यांचे डायनासोर, भोपळ्यांचा पूल. निनादचा जबडा खाली पडेल. फक्त तिकिटं आजच काढ. वेळ ठरवून घ्यावी लागते आणि शनिवार-रविवार लवकर संपतात.

मग मात्र विमानात बसा आणि आमच्याकडे या. कारण खरं गाव इथे आहे. आमच्या घरून गाडीने अर्धा तास, रम नदी मिसिसिपीला मिळते तिथे. नाव अनोका. आई इथे आली होती तेव्हा रस्त्यावरची पाटी वाचून म्हणाली, "अनोखा? नाव झकास आहे." मी दुरुस्त केलं नाही.

शंभरएक वर्षांपूर्वी या गावातली पोरं हॅलोविनच्या रात्री काय करायची ऐक. लोकांच्या गोठ्यातल्या गायी सोडून हमरस्त्यावर हाकलायची. दुकानांच्या काचांना साबण फासायची. परसातले संडास उलटे करायची. सकाळी उठून लोक बघतात तर पेठेत गायी रवंथ करतायत! गावकरी वैतागले. पण त्यांनी पोलीस बसवले नाहीत. १९२० साली त्यांनी पोरांसाठी मिरवणूक काढली, चालणाऱ्या प्रत्येकाला लाह्या, शेंगदाणे, गोळ्या वाटल्या आणि शेवटी मोठा जाळ केला. पुढे १९३७ साली हॅरल्ड ब्लेअर नावाचा शाळकरी पोरगा वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलांबरोबर त्याबद्दलचा जाहीरनामा घेऊन वॉशिंग्टनला गेला, आणि तेव्हापासून हे गाव स्वतःला हॅलोविनची जागतिक राजधानी म्हणवतं. महायुद्धात १९४२-४३ साली बंद ठेवलं होतं, पण पोरांची मिरवणूक अजून निघते. एक मिरवणूक तर शाळेतल्या चिमुरड्यांचीच असते. मास्तरीणबाई पुढे, मागे भोपळे, मधमाश्या, अग्निशामक दलाचे जवान, आणि एखादा रडवेला ड्रॅक्युला ज्याचे दात पडलेत. शनिवारची मोठी मिरवणूक बघायला लोक घडीच्या खुर्च्या रस्त्याकडेला आधीच मांडून ठेवतात.

पहिल्यांदा ती गायींची गोष्ट ऐकली तेव्हा मला गुरुजींचं बाकडं आठवलं. आठवतंय ना? होळीला लाकडं कमी पडली म्हणून आपण चौघांनी त्यांच्या पडवीतलं उचललं होतं. होळीत पडलेलं परत काढायचं नसतं, म्हणून गुरुजी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, राख कपाळाला लावली आणि तुला विचारलं, "नारळ नीट भाजला का रे?" मी तर पांढराफटक पडलो होतो. आणि मग त्याच गुरुजींनी आपल्याला पालखी वाहायला लावलं, खांदे सुजेपर्यंत. तीही एक मिरवणूकच काढली की त्यांनी.

आता कामाचं. ऑक्टोबरअखेर इथे संध्याकाळी चार-पाच अंश असतं, त्यामुळे सोंगाचे कपडे एक माप मोठे घे, आत जॅकेट मावलं पाहिजे. १९९१ साली ३१ तारखेलाच बर्फ सुरू झाला आणि मिनिआपोलिसमध्ये २८ इंचांवर साठला. इथली माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगतात, अगदी आपल्या २००५च्या पुरासारख्या. ३१च्या रात्री आमच्याच गल्लीत फिरू. ज्या घराच्या दारातला दिवा चालू तिथेच जायचं, अंधार असेल तिथे घंटी वाजवायची नाही. दारात निळसर-हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी खेळणी-स्टिकर मिळतात, ॲलर्जीवाल्या पोरांसाठी. निनादला शेंगदाणे चालत नाहीत, तेव्हा त्याला हा भोपळा आधीच ओळखायला शिकव.

भोपळा कोरायला घरीच आणू. पण आतल्या गराचे घारगे करायचा हट्ट वहिनींनी धरू नये. आमच्या घरी तो प्रयोग झालाय. कोरायचा भोपळा नुसता पाणीदार आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, वाटीभर गूळ घालूनही काही होत नाही. खायचा लहान भोपळा वेगळा मिळतो, तो आणून ठेवतो.

२०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. पहाटे उटणं लावून आंघोळी झाल्या. कारीट कुठलं मिळायला, चेरी टोमॅटो पायाखाली फोडले आणि बाथरूमभर बिया उडाल्या. संध्याकाळी दारात एका बाजूला कोरलेला भोपळा, दुसऱ्या बाजूला आकाशकंदील. चॉकलेट घ्यायला आलेला एक चिमणा वाघ कंदिलाकडे बघत राहिला आणि विचारलं, "हे कसलं भूत आहे?" मी म्हटलं, चांगलं भूत आहे. त्याने मान डोलावली आणि दोन चॉकलेटं उचलली.

यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरच्या आसपास आहे, तोवर तुम्ही घरी परतलेले असाल. काकूंना नमस्कार सांग. उटण्याची चार पाकिटं आण, आणि गुरुजींच्या घरी कोणी भेटलं तर विचारून ये, त्या पडवीत नवं बाकडं कधी आलं ते.

तुझा,
बाळ्या